गारपिटीच्या दिवसांतलं अपडाऊन

महाशिवरात्रीच्या आगेमागे नागपुरातली थंडी जायला लागते. दुपारचं ऊन चटका देतं, पहाटे मात्र अजून पांघरूण लागतं, आणि घराघरांत दोन कामं एकदमच निघतात. कूलर माळ्यावरून उतरवायचा आणि गच्चीवर वाळवण घालायचं. नेमका याच दिवसांत सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा येतो. विजांचा कडकडाट, वादळी वारे, तुरळक ठिकाणी गारपीट. मी नागपुरात राहते आणि काटोल तालुक्यात कृषी सहायक म्हणून काम करते. रोजचं अपडाऊन आहे. त्यामुळे हा इशारा मी दोनदा वाचते, एकदा घरासाठी आणि एकदा माझ्या गावांसाठी.

घरासाठी वाचते तेव्हा कामं सरळ असतात. सासूबाई गच्चीवरच्या कुरडया आणि मुगवड्या उचलायला लागतात. त्याआधी शेजारच्या गच्चीवर हाक जाते, कारण तिकडच्या काकूंना फोन वाजलेला ऐकू येत नाही. सोलर हीटरच्या काचेच्या नळ्यांवर जुन्या सतरंज्या बांधल्या जातात. ज्यांच्या गाड्या उघड्यावर उभ्या असतात ते त्यांच्यावर गाद्या टाकून दोरीने आवळतात. इन्व्हर्टर आणि मोबाइल भरून ठेवायचे, कारण एखादी फांदी तारेवर पडली की रात्र अंधारात जाते. आमच्या कॉलनीमागे टिनाच्या छपरांची वस्ती आहे. तिथले लोक छपरांवर विटा-दगड रचतात आणि आभाळ काळं झालं की पोरांना देवळाच्या पक्क्या छताखाली आणून बसवतात. तिकडे कळमन्याच्या बाजारात तर हे दिवस लाल मिरचीचे. उघड्यावरच्या पोत्यांवर ताडपत्र्या ओढायची एकच घाई उडते. माझा नवरा बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला आहे. इशारा असला की तो मोटरसायकल घरीच ठेवतो, मेट्रोने खापरीपर्यंत जातो आणि पुढे कंपनीची बस पकडतो.

शहराच्या या तयारीला मी कधीच कमी लेखत नाही. हाताशी दोन तास असले आणि झाकायची वस्तू झाकण्याएवढी असली, तर ती गारपिटीतून वाचते. वस्तीतल्या बायकांनी पोरांना देवळात नेऊन बसवलं म्हणून डोकी फुटली नाहीत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

गावांसाठी वाचताना मात्र इशाऱ्यातला प्रत्येक शब्द जड होतो. सकाळपासून मी फोनवर असते. हरभरा सोंगून झाला असेल तर गंजी उंचावर घाला, ताडपत्रीच्या कडा मातीने दाबा. गहू पिवळा पडला असेल आणि हार्वेस्टर मिळत असेल तर आजच काढून घ्या. जनावरं झाडाखाली बांधू नका. वीज चमकायला लागली की शेतातून घरी या, मोबाइलवर ‘दामिनी’ उघडून पाहा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं हे अॅप आपल्या आसपास वीज कुठे पडते आहे ते दाखवतं, आणि गावातल्या पोरांनी ते चांगलं अंगवळणी पाडून घेतलं आहे. मृग बहाराची संत्री तोडणीला आली असतील तर व्यापाऱ्याला फोन करा, हेही सांगते. पण इशारा व्यापाऱ्यानेही वाचलेला असतो. त्या दिवशी तो भाव पाडून मागतो, नाहीतर ‘उद्या पाहू’ म्हणतो.

आणि आंबिया बहार फुटलेल्या संत्र्याच्या बागेसाठी माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडं असतात. त्यातली जुनी झाडं दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच. या दिवसांत ती पांढऱ्या फुलांनी भरलेली असतात, रस्त्यावरून जातानाही वास येतो. पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरचं सगळं पीक त्या फुलांत असतं. शेजारच्या बागेत मृग बहाराची तयार फळं लटकलेली असतात. म्हणजे फेब्रुवारीतली एकच गारपीट एका बांधाच्या अलीकडे या वर्षाचा पैसा नेते आणि पलीकडे पुढच्या वर्षाचा.

हे नेमकं याच दिवसांत का होतं, असं मला गावात दरवर्षी कुणीतरी विचारतं. हिवाळ्यात पश्चिमेकडून पश्चिमी झंझावात येत असतात. त्यांचा मुख्य मार्ग उत्तर भारतातून जातो, त्यांच्यामुळेच काश्मीर आणि हिमाचलात बर्फ पडतो. हिवाळा सरता सरता जमीन तापायला लागते. त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारं विदर्भात शिरतं आणि उत्तरेकडून आलेल्या कोरड्या, थंड वाऱ्याशी त्याची इथे गाठ पडते. दुपारपर्यंत तापलेली हवा जोरात वर जाते, ढग उंच चढतात. ढगातलं पाणी शून्याखाली जाऊनही काही काळ पाणीच राहतं आणि गारेच्या बीजावर थर चढत जातात. वर चढणाऱ्या वाऱ्याला ते वजन पेलेनासं झालं की गार खाली सुटते. पावसाळ्यातही ढगांत बर्फ असतो, पण तेव्हा पाणी गोठण्याची पातळी साधारण साडेपाच किलोमीटरवर असते. एवढं अंतर पार करेपर्यंत बर्फाचं पाणी होतं. फेब्रुवारीत ही पातळी बरीच खाली असते, त्यामुळे गार जमिनीपर्यंत गारच राहते.

यात अपडाऊनवाल्यांसाठी एक गोष्ट कामाची आहे. हे ढग बहुतेक वेळा दुपारनंतर बांधले जातात. सकाळी निघताना लख्ख ऊन असतं, आणि ज्याने इशारा वाचलेला नसतो तो बिनधास्त निघतो. गाठतं ते परतीच्या वाटेवर.

काटोलला जायला रेल्वे आहे. इटारसीच्या लाइनवर कळमेश्वर, मेटपांजरा, मग काटोल. वादळाच्या दिवशी मी एसटी धरते, कारण तार तुटली की गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकते आणि तिथून कुठेच जाता येत नाही. काटोल नाक्यावर बसमध्ये चढलं की ओळखीचेच चेहरे. झेडपीच्या शिक्षिका, बँकेतले क्लार्क, ग्रामीण रुग्णालयातली नर्स, तलाठी. एरवी स्वेटर विणणं, मटार सोलणं, पोरांच्या परीक्षा यांवर चालणाऱ्या गप्पा त्या दिवशी खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावर येतात. गोरेवाड्याचं जंगल मागे पडलं की पश्चिमेचं क्षितिज मोकळं होतं, आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. माझ्या पिशवीत त्या दिवसांत उन्हाचा स्कार्फ असतो आणि रेनकोटही. टेप, पॉवर बँक, कागदांसाठी जाड प्लॅस्टिकची थैली. स्कूटर काटोलला स्टँडजवळ ठेवलेली असते. तिच्यावरचं हेल्मेट मी शेतात जातानाही हातात घेऊन जाते. शेतकरी आधी हसायचे, आता कुणी हसत नाही.

एका फेब्रुवारीतली संध्याकाळ मी विसरू शकत नाही. परतीची बस कळमेश्वरच्या अलीकडे होती. आधी धूळ आली, मग एकाएकी गार वारं सुटलं, आणि मग टपावर कुणी खडी ओतावी तसा आवाज सुरू झाला. पहिल्या गारा बोराएवढ्या होत्या, नंतर लिंबाएवढ्या. पुढची काच तडकली तेव्हा ड्रायव्हरने बस एका पेट्रोल पंपाच्या छपराला लावली आणि दार उघडं ठेवलं. मोटरसायकलवाले गाड्या तिथेच रस्त्यावर आडव्या टाकून धावत आले. कंडक्टर एकेकाला हाताला धरून वर ओढत होता. रस्त्याच्या कडेला संत्री विकणारा एक माणूस बसला होता. त्याने आपली प्लॅस्टिकची कॅरेटं जमिनीवर रिकामी केली आणि पळत येणाऱ्यांच्या हातात एकेक दिलं. डोक्यावर कॅरेट धरून माणसं बसपर्यंत पोचली. त्याची संत्री चिखलात गेली. नंतर कुणी पैसे देऊ केले तर त्याने घेतले नाहीत.

गार डोक्यात बसून माणूस मरू शकतो, हे आपल्याकडे फारसं कुणी मनावर घेत नाही. ३० एप्रिल १८८८ ला मुरादाबादेत झालेल्या गारपिटीत २४६ माणसं गेली, आणि ही नोंद जगभरातल्या गारपिटींच्या इतिहासात आजही सांगितली जाते. म्हणून मी बसमध्येही आणि गावातही सांगत राहते की उघड्यावर सापडलात तर आधी डोकं झाका. हाताशी असेल ते घ्या, घमेलं, पाटी, दप्तर, काहीही. झाडाखाली मात्र जाऊ नका. गारेपासून झाड थोडा आडोसा देईल, पण वीज तिथेच पडते.

दहा-पंधरा मिनिटांत सगळं थांबलं. खाली उतरलो तर रस्ता, कडेचं गवत, पंपाचं आवार, सगळं पांढरं. लोक ओंजळीने गारा उचलत होते. एक कॉलेजचा पोरगा मोबाइल लावून ओरडत होता, “काश्मीर झालं बे आपलं!” मी त्याला काही म्हटलं नाही. जमिनीवर अंथरलेला बर्फ त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिला होता, त्याचा आनंद खरा होता. पण त्याच मिनिटाला माझा फोन वाजायला लागला. पहिल्या फोनवर पलीकडून एवढंच आलं, “ताई, गेलं.” कुणाचं, किती, हे विचारायच्या आधी दुसरा फोन मध्येच वाजत होता.

दुसऱ्या दिवशी नागपूर जागच्या जागी होतं. सफाई कामगार पाल्याचे ढीग गोळा करत होते, वीज आली होती, ऑफिसची गर्दी रोजच्यासारखी मेट्रोच्या जिन्यावर होती. शहराची गारपीट त्या रात्रीच संपली होती. बसमध्येही तेच चेहरे होते, पण तलाठी आणि मी, आमचं काम त्या सकाळी सुरू होत होतं.

पंचनामा तिघांनी मिळून करायचा असतो, तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. सातबारा पाहायचा, गट नंबर, पिकाखालचं क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी, फोटो, शेतकऱ्याची सही. ज्यांचा पीकविमा असेल त्यांना तेव्हा ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागायचं, त्यासाठी नेटवर्क शोधत गावातली पोरं पाण्याच्या टाकीवर चढलेली असायची. लोळलेल्या गव्हाचं आणि फुटलेल्या हरभऱ्याच्या घाट्यांचं नुकसान दिसतं, मोजता येतं. बागेत गेलं की माझी अडचण सुरू होते. जमिनीवर फुलांचा आणि पानांचा सडा असतो, काही फळं पडलेली असतात, पण बरीचशी फळं झाडावरच असतात. लांबून पाहणाऱ्याला वाटेल, वाचलं की. जवळ जाऊन एक एक फळ फिरवून पाहिलं की सालीवर डाग दिसतो, कुठे नुसता दबलेला, कुठे चिरलेला. तिथून बुरशी शिरते. काही दिवसांत तो भाग मऊ पडतो आणि फळ गळतं. फांद्यांची साल सोलपटते, तिचा परिणाम तर पुढच्या बहारांवर दिसतो.

त्या दिवशी बागेत सोबत चालणारे एक काका माझ्या कागदाकडे पाहत म्हणाले, “ताई, तुमाले आज दिसते थे लिहा. पन खरं नुकसान तं आठ-दहा दिवसानं दिसन. तवा येसान का?”

त्या प्रश्नावर मी आजवर जेवढा विचार केला आहे तेवढा दुसऱ्या कशावर केलेला नाही.

मला नोकरीत आल्यापासूनच्या गारपिटी आठवतात. २०१४ ची सर्वांत मोठी. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत ती राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात फिरत राहिली. विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र, पश्चिम महाराष्ट्र, कुणी सुटलं नाही. त्यातच ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि मदत जाहीर करायला निवडणूक आयोगाची परवानगी घ्यावी लागली. आम्ही सकाळी पंचनामे करायचो आणि दुपारी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला बसायचो. तेव्हा नुकसान ५० टक्क्यांहून जास्त असेल तरच मदत मिळायची. ४५ टक्के गेलेल्याच्या बांधावर उभं राहून ‘तुमचं बसत नाही’ हे सांगणं फार कठीण होतं. २०१५ मध्ये ही अट ३३ टक्क्यांवर आली. मला विचाराल तर माझ्या नोकरीच्या काळातला हा सर्वांत न्याय्य बदल आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ साठीचे दर जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकारने काही वेळा त्यापुढे जाऊनही दिलं आहे. पण दर कितीही असो, ३३ टक्के भरले की नाही हे ठरवणारी नजर अखेर आमची असते, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची असते.

मार्च २०२३ मध्ये तर नजर पोचण्यालाच उशीर झाला. जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप १४ तारखेला सुरू झाला आणि त्याच आठवड्यात राज्यभर अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना तेव्हा जुनी पेन्शन नव्हती, मी त्यांच्यातलीच. त्यामुळे नागपुरात संविधान चौकात मीही घोषणा देत होते. मागणी मला तेव्हाही रास्त वाटत होती आणि आजही वाटते. पण फोन गावांतून येत होते. विधानसभेतही पंचनाम्यांचा प्रश्न निघाला. २० तारखेला संप मागे घेतला गेला आणि दुसऱ्या सकाळची काटोलची बस खच्चून भरली होती. त्या बसमध्ये पेन्शनवर कुणी बोललं नाही. पडलेली फळं आतापर्यंत ट्रॉलीने बाहेर टाकली असतील, मग पुरावा काय पाहायचा, यावरच बोलणं चाललं होतं. शेतकऱ्यांनी मोबाइलवर काढून ठेवलेले फोटो त्या वेळी उपयोगी पडले. तेव्हापासून मी प्रत्येक गावात सांगते की गार थांबली की आधी फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे, मग आवराआवर करा.

जाळीचं काय, हे नागपुरातले सुशिक्षित लोक मला नेहमी विचारतात. हिमाचलात सफरचंदाच्या बागांवर गारपीटरोधक जाळ्या टाकतात, त्यासाठी अनुदानही मिळतं. तिथले शेतकरी वर्षानुवर्षं हे करत आले आहेत आणि त्यांची फळं वाचतात. आमच्याकडची जुनी संत्र्याची झाडं उंच आणि पसरट, त्यांच्यावर जाळी उचलून धरायचा सांगाडाच हेक्टरी एवढा महाग पडतो की दोन-तीन एकरांचा शेतकरी तो विचार करू शकत नाही. नव्या लागवडीत झाडं बुटकी ठेवली आणि अनुदान मिळालं तर हे होऊ शकेल, असं माझं ठाम मत आहे. ज्या संत्र्याच्या नावाने या शहराची ओळख सांगितली जाते, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्यासाठी एवढं करायला हवं. तोवर गारपिटीनंतरची मलमपट्टी आमच्या हाती आहे. तुटलेल्या फांद्या आरीने स्वच्छ कापायच्या, जखमांवर बोर्डो पेस्ट लावायची, बुरशीनाशक फवारायचं, पडलेली फळं बागेत सडू द्यायची नाहीत. हे पहिल्या तीन-चार दिवसांत केलं तर झाड सावरतं. म्हणून पंचनाम्याच्या दिवशी मी फॉर्म भरता भरता हेही सांगत जाते. शेतकरी त्या घडीला मदतीच्या रकमेशिवाय दुसरं काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो, तरी सांगते, आणि घरातल्या बाईला वेगळं सांगते. बहुतेक वेळा पेस्ट कालवायला तीच बसते.

काकांच्या त्या प्रश्नानंतर मी एक वही केली. गारपिटीनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी पुन्हा त्याच बागांत जायचं, तीच झाडं पाहायची, गळ किती झाली ते लिहायचं. पहिल्या दिवशी ज्यांचं नुकसान ३३ च्या थोडं खाली राहिलं होतं, त्यांच्या बागा दुसऱ्या फेरीत बहुतेक वेळा त्याच्या बऱ्याच वर गेलेल्या दिसतात. फळबागांचा पंचनामा दोन टप्प्यांत व्हावा, दुसरी पाहणी गळ झाल्यावर व्हावी, असं मी लेखी मांडलं आहे आणि मांडत राहणार आहे. या वहीतल्या नोंदी त्या मागणीला जोडल्या आहेत. तालुक्यातले आणखी काही सहकारी आता अशा नोंदी ठेवतात. नव्याने रुजू होणाऱ्या मुली माझ्यासोबत पहिल्यांदा पंचनाम्याला येतात तेव्हा मी त्यांना टेप आणि फॉर्मसोबत हेल्मेट आणायला सांगते, आणि बागेतून निघण्याआधी दुसऱ्या फेरीची तारीख शेतकऱ्याला तिथेच सांगून, त्याच्या कॅलेंडरवर लिहून यायला सांगते.